ऑर्वलच्या फुलदाण्यांवरच्या लाल फुल्या

आर्डिथ हॉटच्या नजरेतून काचेतला दोष सुटत नसे. मिलर्स बेंड गावच्या काच कारखान्यात तिने एकोणतीस वर्षं काढली, सगळी निवड खात्यात. भट्टीतून निवून आलेला एकेक नग उजेडात धरायचा, बोटांवर फिरवायचा. बुडबुडा, रेघ, नाहीतर न वितळलेला खडा दिसला की लाल मेणाच्या पेन्सिलीने फुली मारायची आणि नग बाजूच्या खोक्यात. दिवस संपला की ते खोकं परत वितळायला जायचं. मॅनेजरसुद्धा तिच्या फुलीवर दुसरा शब्द काढत नसे. बाईला याचा गर्व होता, आणि तो तिने कधी लपवलाही नाही.

निवड खात्याचा एक नियम होता. फुली पडलेला नग घेऊन तो फुंकून घडवणाऱ्या कारागिराने यावं आणि विचारावं, "यात काय?" मग निवडणारीने दोषावर बोट ठेवून दाखवायचं. दाखवता आला नाही तर फुली पुसायची. माणसं येत, भांडत, शिव्या हासडत, आणि आर्डिथ शांतपणे बोट ठेवी. तिचं बोट कधी चुकलं नाही, असं सगळा कारखाना म्हणायचा.

तिचा नवरा ऑर्वल त्याच कारखान्यात छोट्या फुलदाण्यांच्या बाकावर काच फुंकायचा. वीतभर उंचीच्या, मधाच्या रंगाच्या फुलदाण्या. त्याचा नग हजारात ओळखू यायचा, कारण तो काठाला शेवटी किंचित बाहेर वळण द्यायचा. आर्डिथ कामाला लागली त्याच आठवड्यात डबा खाताना एकजण मोठ्याने बोलला, "चला, आता ऑर्वलचा माल सगळा एक नंबर. घरचीच निवडणार म्हटल्यावर काय." लोक हसले. ऑर्वलही हसला. आर्डिथ हसली नाही. तिने ते मनात घेतलं ते घेतलंच.

जगात 'आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं' असतं. हिने उलटं चालवलं. दुसऱ्याच्या नगातला टाचणीच्या डोक्याएवढा बुडबुडा ती सोडून द्यायची, नवऱ्याच्या नगातला राईएवढासुद्धा सोडायची नाही. कधीकधी तर काठाचं ते वळण दिसलं की हात आपोआप पेन्सिलीकडे जायचा. घरी जेवताना ती म्हणे, "आज तुझे चार गेले." तो मक्याची भाकरी घेवड्याच्या रश्श्यात बुडवत म्हणे, "बरं." टोळीचा मिस्त्री व्हायची पाळी आली तेव्हा मॅनेजर म्हणाला, ऑर्वलचा हात चांगला आहे, पण मालावर फुल्या फार पडतात. मिस्त्री झाला त्याच्याच टोळीतला हर्शेल कॉट्रिल.

आणि एवढ्या वर्षांत ऑर्वल एकदाही नग घेऊन तिच्या टेबलाशी आला नाही. "यात काय?" असं त्याने एकदाही विचारलं नाही. तिने त्याचा अर्थ सरळ लावला, की गड्याला आपली चूक कबूल आहे.

आर्डिथ राहायची त्या भट्टी रस्त्यावरच्या घरांची ऑक्टोबरातली एक रीत आहे. मेपलची पानं लाल व्हायला लागली की प्रत्येक घर रस्त्याकडची खिडकी काचेने सजवतं. पिवळी, तांबडी काच उजेडाच्या वाटेत मांडायची, तिच्यात गव्हाच्या ओंब्या, शेवंती, सुकलेले गुच्छ. खाली लाल भोपळे, वाळलेली कणसं. महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी सगळं गाव रस्त्याने फिरतं, घराघरात सफरचंदाचा केक खातं आणि कोणाची खिडकी झक्क झाली ते ठरवतं. आर्डिथची खिडकी बहुतेक वर्षं पहिली यायची. तिच्या मधोमध हर्शेल कॉट्रिलने फुंकलेली हातभर उंच फुलदाणी असायची, आणि तिच्यात नारिंगी फळांचा रानवेल. तो वेल रेल्वेच्या बांधावरून तोडून आणायचं काम ऑर्वलचं. तो आणायचा, तिच्या हातात द्यायचा आणि खिडकीखालच्या खुर्चीत बसून पेपर वाचायचा. चोवीस ऑक्टोबर असे गेले.

कारखाना बंद पडून दहा वर्षं झाली आणि त्याच साली मार्चमध्ये ऑर्वल गेला. सप्टेंबरात चर्चच्या बायकांनी ठरवलं की यंदा प्रत्येक घराने आपल्याच माणसाने घडवलेली काच खिडकीत मांडायची, पुढे त्याच्या नावाची चिठ्ठी लावायची. सगळ्यांनी माना डोलावल्या. आर्डिथनेही डोलावली. घरी येऊन कपाटं उघडली तेव्हा तिच्या लक्षात आलं की घरात साठ-सत्तर नग आहेत आणि त्यात ऑर्वलचा एकही नाही.

ऑर्वलची थोरली बहीण लव्हॉन तीन घरं सोडून राहायची. जिभेला हाड नाही, पण माणसाच्या गरजेला उभी राहणारी. ती दुसऱ्या दिवशी आली आणि कपाटं बघून कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"गावभरच्या पुरुषांची काच आहे इथे," ती म्हणाली. "माझा भाऊ तेवढा कुठे दिसत नाही."

"मी एक नंबरचाच माल घरात आणत होते."

"हो बाई. घरात राहिला तेवढा दोन नंबरचा."

घरात नाही म्हणून तिने आठ दिवस गाव पालथं घातलं. जुन्या वस्तूंची दुकानं झाली, नदीपलीकडचा बाजार झाला, कुणाकुणाला फोन झाले. वळणदार काठाची वीतभर फुलदाणी कोणाकडे मिळेना. जी चांगली म्हणून बाहेर गेली ती केव्हाच लांबच्या शहरांत पोचली होती. नवऱ्याच्या नावाची चिठ्ठी लिहून तयार होती आणि तिच्यामागे ठेवायला काही नव्हतं. त्या शनिवारी आपली एकटीची खिडकी रिकामी दिसणार, या विचाराने तिला झोप लागेना. आधी तिला लोकांची लाज वाटत होती. मग हळूहळू ऑर्वलची वाटायला लागली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते खोटं नाही. त्या शनिवारच्या आधीच्या गुरुवारी सकाळी ती भोपळे मांडायला फळी शोधत तळघरात उतरली. ऑर्वलच्या हत्यारांच्या कोपऱ्यात ती कधी हात घालत नसे. तिथे, लोणच्याच्या बरण्यांमागे, एक लाकडी खोकं होतं. वर्तमानपत्रात गुंडाळलेले बारा नग. तिने पहिला उघडला. मधाचा रंग, काठाला वळण, आणि पोटावर तिची स्वतःची लाल फुली.

बाराही नगांवर फुल्या होत्या. संध्याकाळी परत जाणाऱ्या खोक्यातून त्याने ते उचलले असणार आणि डब्यात घालून घरी आणले असणार. सगळ्यात जुनं वर्तमानपत्र तिच्या कामाच्या दुसऱ्या महिन्याचं होतं.

तिने लव्हॉनला फोन केला. लव्हॉन तळघराच्या पायरीवर बसून एकेक नग बघत राहिली.

"आर्डिथ, तू त्याचे किती बाद केले असशील?"

"कोण मोजतं? हजारो."

"मग त्याने बाराच का ठेवले?"

आर्डिथला उत्तर कळलं होतं. तिने पुढचा नग कागदातून सोडवायला घेतला.

"मी सांगते," लव्हॉन म्हणाली. "ज्यात त्याला स्वतःला काही सापडलं नाही, तेवढेच ठेवलेत. वेडा होता माझा भाऊ. तुझ्या तोंडावर फेकायला हवे होते."

"दे इकडे," आर्डिथ म्हणाली. "एक धुऊन लावू खिडकीत. फुल्या नको दिसायला."

मेणाची फुली गार पाण्याने निघत नाही. आर्डिथने त्यातली सगळ्यात देखणी फुलदाणी वर नेली आणि मोरीतला गरम नळ सोडून तिच्याखाली धरली. आधी काही झालं नाही. मग टक् असा बारीक आवाज झाला आणि फुलदाणी तिच्या हातात दोन तुकडे होऊन उघडली.

"बघ," आर्डिथ एकदम म्हणाली. "होताच दोष. नीट निवली नव्हती. मी उगीच नव्हती मारली फुली."

तिच्या आवाजात सुटका होती. तिला स्वतःलाही ती ऐकू आली, पण शब्द बाहेर पडून गेले होते. लव्हॉनने टॉवेल घेऊन तिच्या हातातले तुकडे काढून घेतले. बोट कापलं होतं, ते दाबून धरलं. मग तिच्याकडे पाहिलं.

"तळघरातली गारठलेली काच गरम पाण्याखाली कोणी धरतं का गं? माझ्यासारखी अडाणीसुद्धा धरणार नाही. तू एकोणतीस वर्षं काच हाताळलीस."

"घाईत झालं."

"असेल. पण तुला किती बरं वाटलं ते मी पाहिलं आत्ता. तो मेल्यावरसुद्धा तुला जिंकायचंच आहे."

तिने कोट उचलला आणि गेली. आर्डिथने नळ बंद केला. लव्हॉनचा राग आला तर बरं होईल, असं तिला वाटत होतं. आला नाही.

शनिवारी उजाडल्यावर तिने हर्शेलची फुलदाणी कपाटात आत ठेवून दिली. खिडकीत अकरा छोट्या फुलदाण्या मांडल्या. फुल्यांना हात लावला नाही. वेल आणायला कोणी नव्हतं, म्हणून ती स्वतः काठी टेकत रेल्वेच्या बांधावर गेली आणि तोडून आणला. बांध इतका उभा असेल असं तिला वाटलं नव्हतं. ऑर्वल सत्तरी उलटल्यावरही दर साली चढत होता.

दुपारी ऊन खिडकीत आलं आणि सगळी काच पेटली. रस्त्याने जाणारी तरुण मंडळी थांबत आणि म्हणत, किती छान, त्या लाल फुल्या कशाच्या? म्हातारे मात्र विचारत नव्हते. त्यांना फुली ओळखू येत होती. ते खिडकीशी थांबत, चिठ्ठीवरचं नाव वाचत आणि केक न खाता पुढे जात. लव्हॉन समोरच्या पदपथावर उभी होती. आत आली नाही.

चारच्या सुमाराला हर्शेल कॉट्रिल काठी टेकत आत आला. ऐंशीचा झाला होता. आपली फुलदाणी मधोमध नाही हे त्याने पाहिलं. त्याने टोपी काढून ऑर्वलच्या खुर्चीवर ठेवली, रांगेतला एक नग उचलला, उन्हात धरला, हळूहळू फिरवला. बूड पाहिलं, काठावरून अंगठा फिरवला. आर्डिथ केकची बशी हातात घेऊन उभी होती.

"ऑर्वलला एकदा मी म्हटलं होतं," तो म्हणाला, "तू जाऊन विचारत का नाहीस? तर म्हणाला, माझ्यासाठी तिने फुली पुसली तर लोक तिला काय म्हणतील."

त्याने फुलदाणी तिच्यापुढे धरली.

"तर त्याच्या वतीने मी विचारतो. यात काय, आर्डिथ?"

तिने बशी खाली ठेवली. चष्मा लावला, नग घेतला, उजेडात धरला. सवयीने बोट वर आलं, काचेवर टेकलं आणि बुडापासून काठापर्यंत सरकत गेलं. मग काठावरून परत खाली आलं. हर्शेल थांबला होता. तिने नग फिरवला आणि बोट पुन्हा बुडापासून सुरू केलं.