टायपिंग व दुरुस्ती

अक्कांच्या हाताला वाईट वाक्य चालत नसे. समोरच्या कागदावर तसं वाक्य आलं की कीबोर्डवरची बोटं थांबत. त्या मान तिरकी करून कागदाकडे बघत आणि पुटपुटत, "असं कुणी बोलतंय का?" मग बोटं पुन्हा चालू लागत, पण स्क्रीनवर उमटायचं ते दुसरंच वाक्य.

परभणीत स्टेशनच्या रस्त्याला माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. छापखान्यात कागदाचे गठ्ठे उचलून मी ते उभं केलं, कुणाच्या बापाच्या पैशावर नाही. अक्का बारा वर्षं माझ्याकडे टायपिंगला होत्या. झरीहून सकाळच्या बसने यायच्या. वयानं माझ्याहून लहान, पण पहिल्याच दिवशी एका गिऱ्हाइकानं 'अक्का' म्हटलं आणि तेच नाव पडलं.

एकदा बोरीच्या एका म्हाताऱ्याची म्हैस चोरीला गेली. पोलिसांना द्यायचा अर्ज टाईप करायला तो आला. मी म्हणालो, चार ओळी मारा आणि मोकळं करा त्याला. अक्कांनी त्याला स्टुलावर बसवून विचारलं, "बाबा, हाक मारली की ती काय करायची?"

"कान टवकारायची, पण उठायची न्हाई. लय गुर्मीची."

ते वाक्य अर्जात गेलं. ठाण्यातल्या हवालदारानं तो अर्ज मोठ्यानं सगळ्यांना वाचून दाखवला म्हणे. म्हैस सापडली नाही, पण म्हातारा परत येऊन अर्जाच्या चार झेरॉक्स घेऊन गेला.

मी धंदेवाईक माणूस. अक्कांचा हा गुण मी विकायला काढला. मजकूर सुधारून हवा असेल तर दर जादा. कॉलेजातले एक प्राध्यापक कादंबऱ्या लिहायचे. ते या कामाचं कायमचं गिऱ्हाईक झाले. सरांच्या हस्तलिखितात माणसं नुसती भाषणं ठोकायची. अक्का त्यांना बोलायला लावायच्या. सरांशी मी दरावरून तासभर घासाघीस केली, जिंकलो, आणि ऐटीत पावतीवर लिहिलं, 'टायपिंग व दुरुस्ती'. अशा तीन कादंबऱ्या झाल्या. सरांचं नाव झालं. त्यांच्या पुस्तकात आभाराच्या पानावर गुरुवर्यांपासून धाकट्या सूनबाईंपर्यंत सगळे होते. अक्का नव्हत्या.

अक्का स्वतःही लिहायच्या, जेवणाच्या सुट्टीत, पोळीचा घास एका हातात धरून. "हौस म्हणून न्हाई, दादा," त्या मला म्हणायच्या. "ह्याच्यावर पोट भरायचंय मला. दुसऱ्याचं टायपायचं बंद करायचंय." दिवाळी अंकांकडून कथा बहुतेक वेळा परत यायच्या. कुणी छापली, तर मानधन म्हणून अंकच पाठवायचा. एका अंकाचा मात्र चेक आला. बँकेत टाकण्याआधी अक्कांनी त्याची रंगीत झेरॉक्स काढली आणि तिचे पैसे माझ्या गल्ल्यात टाकले. मी नको म्हणालो.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "लेखिकेची कमाई हाय. तुमच्या फुकटच्या शाईवर कशाला?"

तीन वर्षं खपून त्यांनी कादंबरी पुरी केली आणि पुण्याच्या एका प्रकाशकाकडे पाठवली. सौदा मी करायचा, असं ठरलं. नव्या लेखकाच्या गळ्यात त्याच्याच पुस्तकाच्या प्रती मारतात, हे मला ठाऊक होतं. एकही घ्यायची नाही, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. सहा महिने वाट बघून मीच फोन लावला, स्पीकरवर, अक्का शेजारी उभ्या.

प्रकाशक शांतपणे म्हणाले, "बाईंवर तुमच्याकडच्या सरांचा फारच प्रभाव दिसतो. संवाद तर थेट त्यांचेच. नक्कल आम्ही छापत नाही."

मी फोनवर ओरडायला लागलो. अक्कांनी माझ्या हातातून फोन घेतला, "बरं साहेब" म्हणाल्या आणि बंद केला.

सरांची जुनी हस्तलिखितं माझ्या माळ्यावर पडली होती. ती आणि अक्कांनी टाईप केलेली पानं, दोन्ही मी प्रकाशकाला पाठवली. उत्तर आलं नाही. तेव्हा सरळ सरांच्या घरी गेलो. म्हणालो, एक पत्र लिहून द्या, एवढंच. सर म्हणाले, "दर तुम्हीच ठरवला होता ना? पावती आहे माझ्याकडे. शुद्धलेखन तपासलं म्हणून कुणी लेखिका होत नसतं." मी त्यांची कॉलर धरली. शेजाऱ्यांनी सोडवलं.

पुढची कादंबरी सरांनी दुसरीकडे टाईप करून घेतली. ती बाजारात येऊन काही महिने झाल्यावर मी विकत आणली आणि रागारागानं वाचली. पुन्हा तीच भाषणं! पानापानावर लंगडी वाक्यं. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पुस्तक अक्कांपुढे आपटून म्हणालो, "बघा, सर उघडे पडले."

अक्कांनी दहा-बारा पानं सावकाश वाचली. मग विचारलं, "लोकांना कळलं का, दादा? ह्यात काही कमी हाय म्हणून?"

दिवसाला चाळीस गिऱ्हाइकांशी खोटं बोलणारा मी, नेमका तेव्हा खरं बोललो. "कुणाला कळतंय? उलट पुरस्कार बी मिळाला."

अक्कांनी पुस्तक मिटलं. "मंग मी इतकी वर्षं काय करीत होते?"

महिना भरला आणि त्या यायच्या थांबल्या. आता झरीत दूध संकलन केंद्रावर बसतात, कुणाच्या दुधाला किती फॅट लागलं ते लिहितात. परवा मी फोन केला. म्हणालो, "अक्का, तुमची कादंबरी माझ्या कॉम्प्युटरवर हाय अजून."

"जागा अडत असंल तर काढून टाका, दादा."

फोन ठेवल्यावर मी बघितलं. तीन वर्षांची ती कादंबरी, वाढदिवसाच्या बॅनरवरच्या एका पुढाऱ्याच्या फोटोपेक्षा कमी जागा घेते.