तीन रेझर आणि एक मिशी

माझ्याकडे दाढीचे एकोणतीस रेझर आहेत आणि माझी दाढी न्हावी करतो.

यात हसण्यासारखं काही नाही. जुने, दुधारी पात्याचे रेझर जमवणारी माणसं पुष्कळ आहेत आणि त्यातली निम्मी मला फोन करतात. "साहेब, तीन तुकड्यांचा चांगला, दारं उघडणारा चांगला, की आकड्यांचा?" मी तासभर बोलतो. पात्याचा कोन, मुठीचं वजन, पितळेवरचा मुलामा! (बायको आतून ओरडते, "त्यांना मिशीचं पण सांगा!") मिशीचं मी कुणाला सांगत नाही. आज सांगतो, कारण आज सकाळपासून बाबांची फार आठवण येतेय.

एकाहत्तर-बहात्तर साल असेल. आम्ही भिवंडीत, कामतघरला चाळीत राहायचो. बाबा लूमचे फिटर. ड्युटीवरून आले की त्यांच्या झुपकेदार मिशीत कापसाचे तंतू अडकलेले असायचे आणि आई ते एकेक करून वेचायची. त्यांचा रेझर तीन तुकड्यांचा: टोपी, पट्टी आणि मूठ. मुलामा उडून पितळ दिसायला लागलेलं, पण चालायचा कसा मऊ! खारबावचा माझा मामा जहाजावर खलाशी होता. त्यानं परदेशातून आणलेल्या रेझरचं बूड फिरवलं की डोक्यावरची दोन दारं उघडायची. आणि शेजारचे रहीमचाचा, बाबांच्याच शिफ्टचे, त्यांच्या रेझरला एक ते नऊ आकड्यांची चकती! आकडा वाढवाल तसं पातं जास्त बाहेर. या तिघांचं एकमेकांवाचून पान हलायचं नाही आणि रेझरवरून कधी एकमत व्हायचं नाही.

आमच्याकडे श्रावणात पुरुष दाढीला हात लावत नाहीत. त्यामुळे भाद्रपद उजाडला की महिनाभराची राठ दाढी, म्हणजे रेझरची खरी परीक्षा! त्या वर्षी परीक्षेला माझं तोंड निघालं, कारण त्याच दुपारी मला खारबावला मुलगी बघायला जायचं होतं.

मुलगी म्हणजे मंदा. मी तिला आधीच बघितलं होतं, अकलोलीच्या गरम कुंडावर. पाण्याचा चटका बसला की पाय वर घेऊन हसायची आणि पुन्हा पाय बुडवायची. तेव्हापासून लूमच्या खडखडाटातही मला तेच हसू ऐकू यायचं. मला तीच हवी होती, दुसरी कुणीही नको. मामानं खटपट करून बोलणी जुळवली होती. पितृपक्ष लागायच्या आत ठरलं नाही, तर तिच्यासाठी पडघ्याचं स्थळ तयारच होतं.

"उजवा गाल माझा," बाबा म्हणाले.

"डावा माझा," मामा म्हणाला.

"और ठोडी मेरी!" रहीमचाचा साबणासकट हजर.

कात्रीनं दाढी छाटली आणि दोन्ही बाजूंनी काम सुरू झालं. मग आईला बोलावलं. तिनं दोन्ही गालांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "सारखेच हायत."

झालं! दोघांचाही अपमान. "पुन्हा साबण लाव!" दुसरी फेरी. तिसरी फेरी. माझे गाल मिरचीच्या ठेच्यासारखे लाल झाले आणि साबण जाऊन डोळेही लाल झाले. एवढ्यात रहीमचाचांनी चकती थेट नवावर नेली.

"नौ नंबर की बात ही अलग है, बेटा. हिलना मत!"

मी हललो नाही. चाचा हलले. हनुवटीवरून ऐटीत वर आलेला त्यांचा हात थांबला तेव्हा माझी अर्धी मिशी फेसाबरोबर गेली होती.

"थांब, दुसरी बाजू बारीक करतो," बाबा म्हणाले. ती जास्त बारीक झाली. "आता ही बाजू जड दिसते," मामा म्हणाला. असं सारखं करता करता सगळा ओठ साफ!

आईनं कपाळावर हात मारला. "अगं बया! बाप समोर बसलाय नि पोराची मिशी उतरवली!" आमच्याकडे मिशी उतरते ती एकदाच, बाप गेल्यावर. पण एस.टी.ची वेळ झाली होती. गालांना वारा लागू नये म्हणून आईनं माझ्या डोक्याकानांवरून पंचा घट्ट बांधला आणि आम्ही निघालो.

खारबावला उतरल्यावर पेढे घ्यायला बाबा आणि मामा दुकानात शिरले आणि तिथे पुन्हा रेझरवरून जुंपली. "तू हो पुढं, आम्ही आलोच!"

मी झालो पुढे. डोक्याला पंचा, डोळे लाल, ओठ साफ आणि बरोबर कुणी नाही. ओटीवर बसलेले मंदाचे वडील मला बघून उभेच राहिले. बाबांची आणि त्यांची चांगली ओळख होती.

"कधी झालं रं?"

"आज सकाळीच," मी लाजून म्हणालो.

"आज? आन् तू इकडं आलास? कसं काय झालं?"

"रहीमचाचांचा हात घसरला."

आतल्या बायकांनी हंबरडा फोडला. मंदाचे वडील डोळ्यांना उपरणं लावून म्हणाले, "देवमाणूस व्हता!" आणि त्याच वेळी देवमाणूस पेढ्यांचा पुडा घेऊन दारात आला. "काय, ठरलं का?"

पुढचं काय सांगू! मंदाची आत्या किंचाळून आत पळाली. खरा प्रकार कळल्यावर वडील भडकले. "बाप जिता असताना मिशी उतरवनारा जावाय मना नको! अपशकुन हाय यो!" दाराआड मात्र कुणीतरी तोंडात पदर कोंबून हसत होतं. ते हसू मी लगेच ओळखलं आणि तिथेच मला रडू फुटलं.

गणपती आले नि गेले. मला जेवण जाईना. मिशी यायच्या आत मंदा पडघ्याला जाणार, एवढंच डोक्यात. बाबा माझ्या ताटातल्या भाताकडे बघून उठायचे. पितृपक्षाला दोन दिवस उरले असताना ते एकटेच मामाकडे गेले. मेव्हण्याच्या ज्या रेझरला जन्मात कधी हात लावला नव्हता, तोच मागून घेतला आणि त्याच रेझरनं स्वतःची मिशी उतरवली. तसेच मंदाच्या ओटीवर जाऊन बसले.

"बघा, माझी बी गेली. कोन मेला न्हाय. आम्ही घरचे सगळे येडे हाव, पोराचा काय दोष न्हाय."

मंदाचे वडील बघतच राहिले, मग हसू लागले आणि त्या हसण्यातच लग्न ठरलं. बाबा घरी आले तेव्हा तो उघडा ओठ बघून मला ओळखच पटेना. आई सवयीनं तंतू वेचायला गेली आणि तिचा हात तसाच थांबला. बाबा म्हणाले, "मामाचा रेझर बरा हाय. पर त्याला सांगू नका."

आता तिघेही नाहीत. तिघांचे रेझर मंदा दर दिवाळीला चिंचेनं घासते. बाबा गेले तेव्हा मी नदीकाठी न्हाव्यासमोर बसलो, तर थकलेले सासरे काठी टेकत आले आणि म्हणाले, "याची ऱ्हाऊ दे रं. यानं बापाच्या नावची आगाव काढलीय!" सगळे हसले. मीही हसलो आणि मग मला आवरेना. बाबा हवे होते हो, अजून हवे आहेत.

न्हाव्यानं विचारलं, "काढू का नको?"

म्हटलं, काढ. मागची मंदाच्या पायी गेली होती, बापासाठी ही पहिलीच. बाबांनी माझ्यासाठी काढली तेव्हा हूं की चूं केलं नव्हतं. आणि मी? पुढचे दोन महिने रोज आरशासमोर उभा राहून कुरकुरत होतो, "मंदे, बघ गं, डावीकडून जरा कमीच येतेय का?"