ताईंनी वाचून दाखवलेलं प्रकरण

ग्रंथालयाच्या तळमजल्यावर, झेरॉक्सच्या खोलीला लागून विद्यापीठाचं लेखन केंद्र आहे. चार टेबलं, आठ खुर्च्या, भिंतीवर घड्याळ. प्रत्येकाला चाळीस मिनिटं. कुणी प्रबंध घेऊन येतं, कुणी नुसतंच रडायला. दाराजवळच्या टेबलाशी अठरा वर्षं ताई बसतात. त्यांचे नियम दोनच: पेन विद्यार्थ्याच्या हातात राहील, आणि ज्याचं लिखाण त्यानंच मोठ्यानं वाचायचं. वाचणारा अडखळला, की कुठे बिघडलंय ते त्याचं त्यालाच उमगतं. ताई फक्त विचारतात, "मग?"

नर्सबाई आल्या त्या दिवशी त्यांचा घसा पार बसला होता. पंचेचाळिशी उलटलेली, गुडघे कुरकुरणारे. पदवी मिळाली तर नर्सिंग कॉलेजात शिकवायची नोकरी, नाहीतर निवृत्तीपर्यंत वॉर्डातल्या फेऱ्या. प्रबंध दोनदा नापास झालेला. ही शेवटची संधी, आणि मुदत त्याच संध्याकाळी पाचची.

"ताई, आवाजच फुटत नाहीये. तुम्हीच वाचा ना."

अठरा वर्षांत पहिल्यांदाच ताईंनी नियम मोडला. शस्त्रक्रियेआधी माणसं कशाला भितात, यावरचं प्रकरण होतं. ताई वाचू लागल्या. दोन मुद्द्यांमध्ये जिथे जिथे दरी होती, तिथे त्या नकळत थांबायच्या, आवाज जरा खाली आणायच्या आणि अलगद पलीकडे जायच्या. शेजारच्या टेबलावरचा तरुण सहकारी म्हणाला, "ताई, तुम्ही किराणाची यादी वाचलीत तरी लोक डोळे पुसतील!"

नर्सबाई खरंच डोळे पुसत होत्या. "अगंबाई, हे मी लिहिलंय?"

ताईंनाही ते चांगलंच वाटलं होतं. नर्सबाईंच्या पेनाचं टोपण निघालंच नाही.

तीन आठवड्यांनी नर्सबाई पुन्हा दारात उभ्या. नापास. शेरा होता: एका मुद्द्यावरून दुसऱ्यावर का गेलात, कळत नाही. पटावरून नाव उडालेलं, त्यामुळे केंद्राच्या नोंदणीचा संगणक त्यांना वेळ देईना. ताईंनी आपली जेवणाची सुट्टी दिली.

"तुमच्यावर राग नाही हो माझा. फक्त समजावून सांगा. तुम्ही वाचलंत तेव्हा तर सगळं होतं त्यात."

ताईंनी कागद नर्सबाईंकडे सरकवले. "आता तुम्ही वाचा."

पहिलं पान सरळ गेलं. दुसऱ्यावर नर्सबाई अडखळल्या, मागे जाऊन पुन्हा वाचू लागल्या. "इथे काहीतरी राहिलंय. पेशंट मरणाला भीत नाहीत ताई, शुद्ध हरपताना आपण काय बडबडू याला भितात. मला माहीत होतं, पण मी लिहिलंच नाही की हे!"

ताई सवयीनं म्हणाल्या, "मग?"

नर्सबाईंनी पेन उघडलं. समासात दोन ओळी लिहिल्या. सुरेख ओळी. आता हे कागद कुठल्याच खिडकीवर कुणी घेणार नव्हतं, आणि ते दोघींनाही ठाऊक होतं.

"पुढचं वाचू?"

ताईंनी घड्याळ पाहिलं. सुट्टीची बारा मिनिटं उरली होती.

"वाचा."