एकाहत्तर वर्षांचा अनुभव

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही. परवा धाराशिवात माझा सत्कार झाला. अंधांनाही एकट्यानं भरता येतो असा ऑनलाइन फॉर्म केला म्हणून! शाल अंगावर पडली आणि माझीच मला अशी चीड आली, की ती तिथंच भिरकावून द्यावीशी वाटली. दिली का? नाही. घेऊन घरी आलो.

मी येडशीचा. वेबसाइट बनवतो. तीन वर्षांपूर्वी एका शिक्षणसंस्थेसाठी शिक्षकभरतीचा फॉर्म केला. दिसायला देखणा. पण 'नाव', 'टक्के', 'अनुभव' हे शब्द रकान्याशेजारी नुसते दिसून भागत नाही — कुठला शब्द कुठल्या रकान्याचा, ते आत कोडमध्ये जोडावं लागतं. ज्याला दिसत नाही, त्याचा फोन त्या जोडणीवरूनच रकान्याचं नाव वाचून दाखवतो. मला हे येत होतं. केलं नाही. कोण आत डोकावून बघणार होतं?

शाहीन उमरग्याची. तिला जन्मापासून दिसत नाही. चार वर्षं गाणं शिकवत होती. संगीतशिक्षिकेच्या जागेसाठी तिनं कुणाची मदत न घेता फॉर्म भरला आणि अर्ज बाद झाला. टक्क्यांत चार, अनुभवात एकाहत्तर. संस्थेच्या ऑफिसात हशा पिकला — बाई जन्माच्या आधीपासून शिकवतीय म्हणून. आकड्यांची अदलाबदल झालीय, हे एकाच्याही डोक्यात येऊ नये? माझ्या आलं होतं. मीही हसलो.

मग ती अम्मीला घेऊन एसटीनं आली. संस्थेच्या सचिवांनी मला बोलावलं.

"सर, बाकीचे फॉर्म माझा फोन नीट वाचतो," ती म्हणाली. "ह्यात नुसतं 'एडिट बॉक्स, एडिट बॉक्स' करत होता. कुठं काय भरायचं ते सांगतच न्हाय. शेवटी अंदाजानं भरलं."

सचिव माझ्याकडं वळले. "काय हो, फॉर्ममधी काय गडबड हाय का?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. पण सकाळीच त्यांनी चार लोकांत माझ्या कामाचं कौतुक केलं होतं — ते जाईल म्हणून? एवढ्याशासाठी?

"फॉर्म बरोबर आहे, साहेब," मी म्हणालो. "ह्यांनीच चुकीचा भरलाय. दिसत नाही तर दुसऱ्याकडून भरून घ्यायचा."

तिच्या तोंडावर बोललो. तिच्या आईसमोर.

ती गेल्यावर मी सगळे रकाने जोडले. दहा मिनिटं लागली. दहा! ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. शाहीनचा नंबर त्या अर्जावर होता, आजही माझ्याकडं आहे. मी कधी लावला नाही.

अजून एक राहिलं, तेच सांगायचं टाळत होतो. जाताना ती दाराशी थांबली. "माफ करा, सर," म्हणाली. "माझ्या चुकीमुळं तुमचा वेळ गेला."

मी म्हणालो, "असू द्या."