घरच्यासारख्या मीनाबाई

कुकरची दुसरी शिट्टी झाली, दूध वर येऊ लागलं, आमचे हे टॉवेल कुठंय म्हणून घरभर विचारत होते, एवढ्यात कडी वाजली. इतक्या सकाळी आमच्याकडे फक्त पेपरवाला येतो आणि तो कडी वाजवत नाही, पेपर भिरकावतो. दार उघडलं तर हातकणंगल्याच्या मीनाबाई कांबळे.

"ताई, ह्ये बी पत्र माघारी आलं की," चपला काढता काढता त्या म्हणाल्या.

मीनाबाई म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांच्या मीनाबाई. नवरा गेला तेव्हापासून हेच काम. कूस बदलायची, अंग पुसायचं, भरवायचं, हगणं-मुतणं काढायचं आणि वर शिव्याही खायच्या. पोटच्या पोरांना दाद न देणारी म्हातारी माणसं मीनाबाईंनी डोळे वटारले की मुकाट्यानं पेज गिळत.

ही २००५ सालची गोष्ट. इस्रायलमध्ये अशा कामाला बायका हव्या होत्या. व्हिसासाठी मुंबईच्या एजंटनं पगारी कामाचा अनुभव मागितला, तोही ज्या घरी काम केलं त्या घराच्या सहीनं. एक घर पुरे होतं. सोमवारी फाईल जायची, नाहीतर ती जागा दुसरीला. मीनाबाईंची मुलगी दीक्षा बारावी झाली होती आणि तिचं नर्सिंग या जागेवर अडलं होतं.

पत्र द्यायला कुणी नाही म्हणत नव्हतं, हीच तर अडचण. आमच्याकडे नाही म्हणायची पद्धत नाही, चहा पाजून हो म्हणतात. जयसिंगपूरच्या अडत व्यापाऱ्यांनी लिहून दिलं, 'मीनाबाईंनी आमच्या वडिलांची निरपेक्ष सेवा केली.' मी त्याचं इंग्रजी करून दिलं. एजंट म्हणाला, हे समाजकार्य झालं, नोकरी कुठाय? शिरोली एमआयडीसीत फाउंड्री असलेल्या पृथ्वीराज पाटलांनी तर त्याहून मोठं मन दाखवलं. 'मीना आमची बहीणच. आमच्या आईसाहेबांपाशी ती लेकीच्या मायेनं राहिली.' आज माघारी आलं ते हेच. लेकीनं आईचं केलं तर तो अनुभव धरत नाहीत म्हणे. या बहिणीला पगार फाउंड्रीतला कारकून आणून द्यायचा आणि तिचा कप मागच्या खिडकीत वेगळा असायचा, हे पत्रात नव्हतं.

मी गॅस बंद केला, यांना खुंटीवरचा टॉवेल दाखवला आणि मीनाबाईंबरोबर पाटलांच्या बंगल्यावर गेले.

दिवाणखान्यात समोरच पाटलांच्या बायकोचं, रूपालीवहिनींचं 'आदर्श सून' सन्मानपत्र लटकत होतं. सासूबाईंची वर्षानुवर्षं स्वतःच्या हातानं शुश्रूषा केली म्हणून महिला मंडळानं दिलेलं. शेजारी फोटो. चाकाच्या खुर्चीत आईसाहेब, बाजूला हसऱ्या वहिनी, आणि खुर्ची मागून धरलेला एक हात, मनगटापाशी फ्रेमनं कापलेला. पितळेच्या दोन बांगड्या मी ओळखल्या. त्या आत्ता माझ्या शेजारीच बसल्या होत्या.

आज सगळ्यांना एकाच सेटमधल्या कपातून चहा आला. मी आले होते ना.

मी काम सांगितलं. पाटील दुखावले. पगारी बाई असं लिहायचं? मीना घरची, तिला नोकर म्हणवणार नाही. त्यापेक्षा आमदारांचं पत्र आणतो, मुंबईला जायला गाडी देतो, वकिलातीत कुणाची ओळख निघते का बघतो. वहिनी तर मीनाबाईंना जाताना नेसायला पैठणीही काढून देणार होत्या. त्या एका ओळीखेरीज बंगल्यातलं काहीही मिळण्यासारखं होतं.

"अगं मीना," पाटील शेवटी म्हणाले, "उद्या कुणी वाचलं तर काय म्हणंल? पाटलांनी आई पगारी बाईवर टाकली?"

वहिनी सन्मानपत्राकडे बघत नव्हत्या, पण किती बघत नव्हत्या ते दिसत होतं.

मीनाबाईंनी कप बशीत ठेवला, पदर सारखा केला.

"सायेब, आमदार नगं, गाडी नगं. वैनीसाब, ते बक्षीस तुमचंच हाय, मी कुटं काय बोलायची न्हाय. आन् तितं इस्रायलात तुमच्या मंडळातलं कोण येतंय वाचाय? मला फकस्त एवढं लिवून द्या, की मी तुमच्यात पगारावर कामाला हुतो."