फुलपाखरांच्या बागेत अळ्यांना बंदी

लालबागची आमची चाळ पाडून टॉवर झाला, तसे सगळ्यांचे विचारही उंच झाले. चाळीत आम्ही डालड्याच्या डब्यात तुळस लावायचो. टॉवरमध्ये जैवविविधतेचं संवर्धन करायचं ठरलं! कमिटीने पार्किंगच्या वरच्या गच्चीत फुलपाखरांची बाग केली. कढीपत्ता आणि लिंबू लावा, त्यांच्यावर फुलपाखरं येतात, हे मीच सुचवलं होतं. निवृत्त माणसाचं कोणीतरी ऐकलं, म्हणून आठवडाभर मी कॉलर ताठ करून फिरलो.

फुलपाखरं आली, अंडी घालून गेली. थोड्याच दिवसांत कढीपत्त्यावर गुबगुबीत हिरव्या अळ्या दिसू लागल्या. मला नातवंडं झाल्याचा आनंद झाला. सोसायटीच्या ग्रुपवर मात्र बोंबाबोंब. "ईऽऽ, किडे! मुलं खेळतात तिथे!" "मेंटेनन्स कशाचा घेता मग?" लगेच फवारणीवाल्याला बोलवायचं ठरलं.

मी मीटिंगमध्ये अक्षरशः हात जोडले. म्हटलं, याच अळ्यांची फुलपाखरं होतात, जरा कळ काढा. सेक्रेटरी चाळीत माझ्या अंगाखांद्यावर खेळलेला. तो अगदी नम्रपणे म्हणाला, "काका, मान्य आहे. पण आपण बाग फुलपाखरांची केलीये, अळ्यांची नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या.

फवारणीनंतर मी खाली गेलो, तर कुंड्यांत काळ्या पडलेल्या अळ्यांचा सडा. मला भर गच्चीत रडू आलं. बायको म्हणाली, "अहो, चाळ पाडली तेव्हासुद्धा एवढे रडला नव्हतात." खरंच होतं. चाळीच्या बदल्यात निदान जागा तरी मिळाली होती.

मग उद्घाटन झालं. फीत, शाल, श्रीफळ, सगळं यथासांग. भिंतीवर प्लॅस्टिकची फुलपाखरं चिकटवली होती. पाहुण्यांचं पर्यावरणावर भाषण रंगात आलं असताना एक खरंखुरं काळं फुलपाखरू आलं आणि कढीपत्त्याभोवती घिरट्या घालू लागलं. टाळ्या, शिट्ट्या, फोटोसाठी उंचावलेले मोबाइल. ती मादी होती. कोवळं पान शोधायची, पोट वाकवून एक अंडं चिकटवायची, की पुढच्या पानावर. उड बाई इथून, असं मी मनात ओरडत होतो.

सेक्रेटरी धावत आला आणि त्याने माझा हात घट्ट धरला. त्याचे डोळे चक्क भरून आले होते.

"बघितलंत ना, काका? किडे मारले म्हणून आलं! आता दर महिन्याच्या फवारणीचं कॉन्ट्रॅक्टच देऊन टाकतो."