तोंड इकडं कर बरं

"तोंड इकडं कर बरं," चाचा म्हणायचे. गिऱ्हाईक काय मागतंय ते नंतर. आधी चष्मा कपाळावर चढवून त्याचा चेहरा बघायचे.

मोताळ्यात माझं आणि चाचांचं, दोन्ही बी-बियाण्यांची दुकानं भिंतीला भिंत लागून. बीटी कपाशीची पाकिटं दोघांकडे तीच, भावही तोच. तरी रांग त्यांच्याच दारात. मी गल्ल्यावर बसून ती रांग बघायचो आणि जळायचो. खोटं कशाला सांगू?

बोंडअळीच्या एका वर्षी एक माणूस फवारणीचं औषध मागायला आला. चाचांनी त्याचं तोंड पाहिलं. "आज औषध संपलं. बस, चहा घे." मागे तर खोकी रचलेली! त्याला बसवून ठेवलं, भावाला बोलावून घेतलं आणि दोघांना सोबत घरी लावून दिलं.

"गिऱ्हाईक घालवलं ना चाचा," मी हसलो.

"त्याले फवारायचं नव्हतं बे. तोंड नाई पाह्यलं तू त्याचं?"

माझ्या अंगावर काटा आला. मीही पाहिलं होतं की! मला काहीच दिसलं नव्हतं.

चार दिवसांनी त्याची बायको टोपलीभर सीताफळं घेऊन आली. चाचांनी निम्मी मला दिली. मला ती गोड लागली नाहीत.

पुढे म्हातारपणी चाची गेल्या. चाचांचं मन खचलं आणि तोंड वाचणारी नजरही चुकू लागली. हसत आलेल्याला विचारायचे, "काऊन रागावला?" एकजण मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आला, तर त्याच्या तोंडाकडे बघून म्हणाले, "कोण गेलं बापा?" तो पत्रिका न देताच परत फिरला.

हळूहळू रांग माझ्या दारात आली. जन्मभर हेच हवं होतं, आणि आता मी त्यांच्या रिकाम्या पायरीकडे बघत बसायचो.

एका दुपारी चहा घेऊन गेलो. खरं सांगतो, त्या दिवशी मनात जळण्यासारखं काही नव्हतं. त्यांच्यासाठी नुसता जीव तुटत होता.

"तोंड इकडं कर बरं." त्यांनी बराच वेळ पाहिलं. "अजून जळूनच राह्यला का बे माह्यावर?"

"नाही हो चाचा!" त्यांना पटलं नाही. मी मात्र त्या 'अजून'वर अडलो. म्हणजे इतकी वर्षं त्यांना दिसत होतं. सीताफळं देतानासुद्धा.

चाचा गेले. आता कुणी औषध मागितलं, की मी चष्मा कपाळावर चढवतो. अजूनही मला काही दिसत नाही. म्हणून सगळ्यांनाच आधी चहा सांगतो.